पेटीवर एक खटका तरी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पुरवणीत एआयवर चालणाऱ्या ठिबकाचं कौतुक वाचलं. 'शेतकऱ्याला आता रात्री-अपरात्री शेतात जायची गरज नाही' हे वाक्य तर ठळक टाइपात! लेखकमहाशयांनी एकदा रात्रीच्या लाईटीला यावं. आखाड्यावर बाज टाकून ठेवतो.

माझ्याकडे अशीच यंत्रणा आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तुमची जाहिरात बुडायला नको. मातीतली ओल आणि हवामानाचा अंदाज बघून कोणत्या प्लॉटला किती पाणी ते ती स्वतः ठरवते. उसाच्या बाबतीत तिचं गणित आमच्यापेक्षा बरं आहे, हे मोकळेपणानं सांगतो. तक्रार तिच्या अकलेबद्दल नाहीच.

मागच्या महिन्यात पपईच्या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला. पाळी उसाची, पण पाणी दोन्हीकडे. ॲपवर मात्र पपईपुढे हिरवा ठिपका आणि 'बंद'. आमचा सालगडी रात्री चक्कर मारायला गेला तर पपईत घोट्याएवढं पाणी. त्यानं कुणीही करील तेच केलं, स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटार थांबली. तो वळतो न वळतो तोच पुन्हा चालू! उसाची पाळी अपुरी राहिली म्हणून यंत्रानं ती आपल्या मनानं सुरू केली. पुन्हा दाबलं, पुन्हा चालू. यंत्राच्या पेटीवर खटका नाही, चावी नाही. जे काही आहे ते मोबाइलमध्ये, मोबाइल माझ्या उशाला गावात, आणि विहिरीजवळ त्याच्या फोनला रेंज नाही. शेवटी अंधारात, ओल्या पायांनी त्यानं फ्यूज उपसले. तो वाचला हे आमचं नशीब. पपई गेली. तिच्या मुळाशी पाणी साचलं की काय होतं ते शेतकऱ्यांना सांगायला नको.

कंपनीच्या पोराला फोन लावला तर म्हणतो, "काका, ॲपमध्ये तर सगळं ओके दिसतंय."

अरे, तेच तर म्हणतोय! माझी सगळी नोकरी परळीच्या थर्मल वीज केंद्रात, कंट्रोल रूमला झाली. तिथं पंपाशेजारी 'लोकल-रिमोट'चा खटका असतो. माणसानं तो लोकलला टाकला की वर बसलेल्या साहेबालाही पंप सुरू करता येत नाही. आणि व्हॉल्व्ह बंद असल्याचं पॅनेलवर दिसतं ते व्हॉल्व्हवरच्या लिमिट स्विचमुळे, म्हणजे व्हॉल्व्ह खरंच बंद झाल्यावर दाबला जाणाऱ्या खटक्यामुळे, नुसता हुकूम सोडला म्हणून नव्हे. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत हाच घोळ झाला. पॅनेलवरचा दिवा विझला तो झडपेला बंद व्हायचा हुकूम गेला म्हणून. झडप उघडीच अडकलेली. दोन तासांहून जास्त वेळ भट्टीतलं पाणी जात राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. बोइंग ७३७ मॅक्सचं तर अलीकडचंच, वैमानिक नाक वर उचलतोय आणि यंत्र पुन्हा खाली दाबतंय. २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. माझ्या पपईची त्याच्याशी बरोबरी करत नाही, पण खोड तीच.

व्हॉल्व्हच्या पुढे एक छोटा पाण्याचा मीटर आणि पेटीवर गड्याच्या हाताला लागेल असा एक खटका, जो फिरवल्यावर यंत्रानं गप्प बसायचं. याला काही एआय लागत नाही. सरकारच्या महाॲग्री-एआय धोरणात पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी आहेत, त्यात एवढं बसायला हरकत नसावी. पण ही यंत्रं करताना विचारतात मालकाला, ज्याच्या हातात मोबाइल असतो. चिखलात उभ्या असलेल्याला कोण विचारतो?

जाता जाता, लेखाबरोबरच्या फोटोत शेतामागे नारळाची रांग दिसते. मराठवाड्याच्या पुरवणीत निदान बाभळी तरी छापा. आणि या रंगीत पानापायी लातूर बाजार समितीचे भाव छापायचे बंद केलेत काय? सोयाबीन अजून घरातच आहे, म्हणून विचारतो.

आपला,
एक जुना वाचक,
ता. अंबाजोगाई, जि. बीड