विमा वाढला, गोळ्यांचे काय?

महोदय,

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे, म्हणजे राज्याच्या आरोग्य विम्याचे, संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेल्याचे स्वागत करणारा लेख वाचला. स्वागत योग्यच, पण ही योजना प्रामुख्याने दाखल रुग्णांसाठी आहे. मधुमेह, रक्तदाबाच्या रुग्णाला मात्र दाखल न होताही दरमहा गोळ्या लागतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चाचा ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट खिशातून उचलला. गडचिरोली-गोंदियाहून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्याला एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरीही सोसावी लागते. विम्याच्या दाव्यात हा भार कुठेच दिसत नाही. म्हणून योजनेचे मूल्यमापन केवळ मंजूर दाव्यांवर करू नये. घरखर्चातला उपचारांचा भार किती घटला, हे शासनाने तपासावे आणि या दोन आजारांची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षभर उपलब्ध ठेवावीत.

– एक वाचक, नागपूर