तो फोटो मी काढलेला नाही

वाई,
28 सप्टेंबर

चि. बाळ्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच "हो अण्णा, हो अण्णा" करतोस आणि माझं मुद्द्याचं राहून जातं, म्हणून कागद घेतला. आई शेजारी शेंगा फोडत बसली आहे आणि मी काय लिहितोय ते बघत नसल्यासारखं दाखवते आहे.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. तू स्टेटसला ठेवलेला फोटो, ते निळं-हिरवं पाणी, मागचा खडक आणि वर तू लिहिलेलं 'माझे अण्णा, वय 61, उंची 14,000 फूट', तो फोटो मी काढलेला नाही. मी त्या तळ्यापर्यंत गेलोच नाही. आमच्यात नाशिकची एक मुलगी होती, तिने काढला, ग्रुपवर टाकला आणि तिथून मी तुला पाठवला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. तू समजायचं ते समजलास, मी समजू दिलं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो.

दिल्लीहून रात्रभर व्होल्वोत बसून सकाळी मनालीला उतरलो. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर झोप लागत नाही मला, हे तुला माहीतच आहे. पाय आपोआप ब्रेकवर जातो. त्या दिवशी आराम, आणि लगेच दुसऱ्या दिवशी पहाटे भृगू तळं, असा तुझा प्लॅन होता. संध्याकाळी गाईड हॉटेलवर आला. चोवीस-पंचवीसचा पोरगा, दाढीही धड फुटलेली नाही. तिथल्या गिर्यारोहण संस्थेतला बेसिक कोर्स केलेला. त्याने आम्हा सात जणांकडून एक फॉर्म भरून घेतला. वय, आजार, गोळ्या, याआधी किती उंचीवर गेलात. मी बीपीची गोळी लिहिली. उंचीच्या रकान्यात कळसूबाई लिहिलं, 5,400 फूट. त्याने ते वाचलं आणि नम्रपणे म्हणाला, "अंकलजी, मनाली ही उस से ऊँचा है." खरंच की रे. मनाली साडेसहा हजारांच्या पुढे. आपल्या अख्ख्या महाराष्ट्राचं टोक तिथल्या बाजारपेठेच्या हजारेक फूट खाली.

मग म्हणाला, अजून एक दिवस राहून परवा गेलात तर बरं. मी म्हटलं, परवाचं परतीचं बुकिंग आहे. तो काही बोलला नाही. मी तुला दोष देत नाही, सुट्टीचे दिवस मोजून मिळतात. पण तू जूनमध्ये मित्रांना घेऊन जाणार म्हणतोस, आणि तेही गाईडशिवाय, म्हणून हे नीट वाच.

पहाटे चार वाजता जीप आली. रोहतांगच्या रस्त्याने गुलाबा नावाच्या ठिकाणापर्यंत. रस्ता बघून मला आपला पसरणी घाट आठवला, फक्त हा संपतच नाही. आता लाहौल-लडाखकडचे ट्रक अटल बोगद्यातून जातात, नऊ किलोमीटरचा सरळ बोगदा, त्यामुळे इकडे गर्दी कमी. जीपवाला तिसऱ्या गिअरवर ओढत होता तिथे मी मनातल्या मनात दुसरा टाकत होतो. गुलाबाच्या वर एका मोडावर उतरलो. तीच जागा दहा हजार फुटांवर. म्हणजे चार हजार फूट पायी चढायचं आणि त्याच दिवशी तेवढंच उतरायचं. वाईहून पाचगणी दोन हजार फूटही वर नाही, आणि तिथे जायचं म्हटलं तरी आपण एस.टी.ची वाट बघतो.

सुरुवातीला थोडी झाडी, भूर्जाची वगैरे. मग झाडं एकदम संपतात आणि गवताचे डोंगरच्या डोंगर लागतात. तिकडे त्याला थाच म्हणतात. सप्टेंबरचं गवत, कडेने पिवळं पडायला लागलेलं. गद्दी धनगर मेंढरं घेऊन खाली निघाले होते. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे असतात, बिबट्याने नरडं धरू नये म्हणून. आपल्याकडचे धनगर पावसाळा संपला की घाट उतरून कोकणात जातात, हेही थंडीच्या आधी असेच खाली येतात. एका म्हाताऱ्याने मला हात जोडून रामराम केला आणि दम खात थांबलो तेव्हा न विचारता बसायला घोंगडी टाकली. भाषा एकमेकांना फारशी कळली नाही, तरी पाच मिनिटं चांगली गेली. मागे वळलं की हनुमान टिब्बा हे शिखर दिसायचं, पांढरंशुभ्र, आणि खाली रोहतांगचा रस्ता कुणी सुतळी टाकून दिल्यासारखा.

चढताना गाईडची चाल बघून मी त्याला मानलं. तो सगळ्यांत हळू चालत होता. पुण्याची दोन पोरं पुढे पळायची आणि दहा मिनिटांनी दगडावर बसलेली सापडायची. हा आपला एका लयीत, गप्पा मारत. मी नवीन ड्रायव्हर पोरांना हेच सांगायचो, घाटात इंजिनला धाप लागू द्यायची नाही. शेवटाला त्याचा एक मदतनीस होता, सगळ्यांच्या मागे. कुणी कितीही रेंगाळला तरी तो त्याच्या मागेच. म्हणजे पुढे ड्रायव्हर आणि मागे कंडक्टर, गाडी बरोबर चालली होती.

रोला खोली म्हणून एक सपाटी आहे, ओढ्याकाठी, साडेबारा हजारांच्या आसपास. लोक सहसा तिथे तंबू ठोकून मुक्काम करतात आणि तळं दुसऱ्या दिवशी करतात. आम्हाला एकाच दिवसात उरकायचं होतं. तिथे पोचेपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं होतं. कपाळाच्या मागे कुणीतरी पाना घेऊन नट आवळतंय असं. पराठ्याचा वासही नको झाला. मी कुणाला बोललो नाही. पराठा खिशात घातला.

गाईडने बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं ते यंत्र काढलं, करोनात आपण घरी आणलेलं तसलं. इतरांचं 85 च्या आसपास आलं, माझं 78. "सिरदर्द है, अंकलजी?" मी म्हटलं, नाही. तो हसला नाही की रागावला नाही. म्हणाला, त्या दगडापर्यंत एका पावलापुढे दुसरं पाऊल टाचेला लावून सरळ रेषेत चालून दाखवा. बाळ्या, एकतीस वर्षांत थेंबाला शिवलो नाही आणि चौदा पोरापोरींसमोर मी दारुड्यासारखी चालून दाखवायची परीक्षा दिली. (चौदा कुठले, सहाच होते. पण वाटले चौदा.) पास झालो. एकदा किंचित हललो तेवढंच. तेवढंच त्याने पाहिलं.

मग बाजूला नेऊन त्याने मला समजावलं. एवढ्या उंचीवर हवेचा दाब खालच्यापेक्षा पार उतरलेला असतो, वर तळ्याशी तर समुद्रकाठच्या साठ टक्केच. शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, आणि ताकद किती, वय किती, याच्याशी त्याचा संबंध नसतो. व्यायामशाळेतला पंचविशीचा गडीही आडवा होतो. नुसतं डोकं दुखतंय तोवर ठीक, पण दुखणारं डोकं घेऊन वर जायचं नाही हा नियम. पुढे मेंदूला सूज येते, नाहीतर फुप्फुसात पाणी भरतं, आणि त्यावर पहिलं औषध एकच, खाली उतरणं. एका दिवसात जाऊन येणारे निभावतात ते रात्री झोपायला खाली येतात म्हणून. मला हे लगेच कळलं. जुनी गाडी उंच घाटात हवा कमी पडली की काळा धूर ओकते. डिझेल तेवढंच जातं, जळायला हवा नसते. मी धूर सोडत नव्हतो, पांढरा पडलो होतो इतकाच फरक.

कळलं, पण पटलं नाही. समोर शेवटचा चढ दिसत होता. त्याच्यापलीकडे खोलगटात तळं. तास-दीड तासाचं काम. मी त्याच्यावर चिडलो. पैसे भरलेत म्हणालो. माझ्या मुलाने भरलेत म्हणालो. तू काल जन्मलास, मी एकतीस वर्षं लोकांचे जीव वाहिलेत, असंसुद्धा म्हणालो. हे लिहितानाही कान गरम होतात. तो ऐकून घेत होता. सगळं बोलून झाल्यावर एवढंच म्हणाला, "आप नीचे जाएँगे, अंकलजी. मेरा साथी आपके साथ जाएगा."

तेव्हा मला आंबेनळी घाट आठवला. तू चौथीत होतास त्या पावसाळ्यातली गोष्ट, तुला कधी सांगितली नाही. महाबळेश्वरहून महाडची गाडी घेऊन निघालो होतो. घाट सुरू झाला आणि एका वळणाआधी वरून तांबडं पाणी आणि त्यात बारीक बारीक खडे सुटताना दिसले. गाडी थांबवली आणि मागे घेतली. आत चाळीस माणसं. एकाची आई महाडला दवाखान्यात होती, त्याने माझी कॉलर धरली. मी किल्ली खिशात घातली आणि खाली उतरून पावसात उभा राहिलो. तासाभरात त्याच वळणावरून दोन ट्रक आणि एक खाजगी गाडी सुखरूप गेली. लोकांनी खिडकीतून टाळ्या वाजवल्या मला. डेपोत लेखी खुलासा द्यावा लागला. त्या दिवशी तिथे काही पडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बरोबर होतो का भित्रा, हे आजतागायत मला माहीत नाही. त्या माणसाची आई वाचली का, तेही विचारायचं धाडस झालं नाही.

आणि त्या सपाटीवर मी त्या पोराची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली होती.

उतरलो. मदतनिसाने माझी सॅक घेतली, मी नको म्हटलं तरी. तासाभरात डोकं हलकं झालं, गुलाबाच्या जवळ तर भूक लागली आणि खिशातला पराठा खाल्ला. आता तू म्हणशील, मग काही झालंच नसतं, गेला असतात तरी चाललं असतं. असेलही. एकच्या सुमारास वर ढग भरले, तळं दिसत नव्हतं म्हणे अर्धा वेळ. बाकीचे सहाही जण पोचले. पोचल्यावर बूट लांब काढून पाण्याशी जावं लागतं, देवाची जागा आहे. भाद्रपदात खोऱ्यातले लोक देव घेऊन तिथे स्नानाला येतात. भृगू ऋषी तिथे तपाला बसले होते म्हणून ते पाणी कधी पूर्ण गोठत नाही अशी तिकडची श्रद्धा. त्या नाशिकच्या मुलीने मला कानात सांगितलं, "काका, आमच्या गावचा पाझर तलाव मोठा आहे याच्यापेक्षा." माझी समजूत काढत असावी. पण तिचा चेहरा दुसरंच सांगत होता.

रात्री तुला फोटो पाठवला तेव्हा आई आंघोळ करून बसली होती. ती दिवसभर वशिष्ठ गावातल्या गरम पाण्याच्या कुंडावर होती, तिथल्या बायकांशी तिची गट्टीही जमली होती. मला म्हणाली, "तीर्थ कुठंय?" मी म्हटलं, कसलं तीर्थ? "ज्या ऋषीने विष्णूच्या छातीवर लाथ मारली, आणि देवाने ती खूण मिरवली, त्याच्या तळ्यावर जाऊन आलात आणि बाटलीभर पाणी नाही आणलं? तुम्ही?" मी गप्प. तिने पुढे काही विचारलं नाही. कीर्तनं ऐकलेल्या बाईशी खोटं बोलणं अवघड असतं.

तिने दहा दिवस काही म्हटलं नाही. परवा पितळी तांब्या घासता घासता म्हणाली, "पोरगा जूनमध्ये गाईडशिवाय जाणार आहे. त्याला वाटतंय बापाला जमलं तर आपण चुटकीसरशी जाऊ." म्हणून हा कागद.

तर जा. जूनमध्ये वरच्या अंगाला बर्फ असतो, वाट बुजलेली असते, आणि बर्फाखालून ओढा वाहतो तो वरून दिसत नाही. तो कुठे पोकळ आहे हे तिथे रोज चालणाऱ्यालाच कळतं. मनालीत आधी दोन रात्री काढ. आणि एका दिवसाचं सोडून दे, रोला खोलीला मुक्काम कर. त्या पोराचा नंबर माझ्या डायरीत आहे, निघताना मीच मागून घेतला. माफी मागायची होती, ती राहिली. नंबर मागितल्यावर तो एवढंच म्हणाला, "अगली बार चार दिन लेके आना, अंकलजी." सुट्टी चार दिवसांची मिळत असेल तर मला कळव. माझं तिकीट मी काढीन.

आई कोजागरीचं दूध कुणाकडे ते विचारते आहे. दसऱ्याला येतोयस ना?

तुझा,
अण्णा

ता. क. आई म्हणते ते स्टेटस चोवीस तासांत आपोआप गेलं. पण त्याआधी पारावरच्या लोकांनी बघितलं, आणि आता मला शेर्पा म्हणतात. त्यांना मी सांगतो. तुझ्या आत्याला मात्र तू सांग. तिने सगळ्या भावकीत पेढे वाटलेत.