जॅकी मॅक्लीनला वगळून कसे चालेल?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला साठच्या दशकातील जॅझवरचा लेख आवडीने वाचला. मात्र हार्ड बॉपवाले (ब्लूजच्या वळणाचा, ठाशीव ठेक्याचा जॅझ वाजवणारे) एका बाजूला, अवाँ-गार्द म्हणजे रूढ नियम मोडणारी प्रयोगशील मंडळी दुसऱ्या बाजूला आणि दोघांचे काही देणेघेणे नाही, हे म्हणणे पटले नाही. अल्टो सॅक्सोफोनवादक जॅकी मॅक्लीनचा लेखात साधा उल्लेखही नाही, याचे वाईट वाटले.

मॅक्लीन हार्लेममध्ये वाढला. पोरवयात पियानोवादक बड पॉवेलच्या घरी जाऊन शिकला, विशीत ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर रेकॉर्ड केले, पुढे ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या हार्ड बॉप बँडमध्ये वाजवले. हार्ड बॉप त्याच्या अंगात मुरलेला होता. असा माणूस १९ मार्च १९६२ रोजी रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतील स्टुडिओत ‘लेट फ्रीडम रिंग’ हा अल्बम वाजवतो, आणि अवाँ-गार्दचा अग्रणी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन याने आपल्याला थांबून विचार करायला लावले, असे रेकॉर्डच्या वेष्टनावर स्वतः लिहितो! पियानोवर ब्लेकीकडे वाजवलेला वॉल्टर डेव्हिस ज्युनियर, बासवर हर्बी लुईस, ड्रम्सवर कोलमनचा साथीदार बिली हिगिन्स.

पहिलीच रचना ‘मेलडी फॉर मेलोने’, स्वतःच्या मुलीसाठी केलेली. तेरा मिनिटे चालते. बॉपमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) भराभर बदलतात. इथे मॅक्लीन एकेका स्केलवर, म्हणजे एकाच स्वरसमूहावर, ठाण मांडून बसतो. त्याचा सूर नेहमीच किंचित चढा, त्यात गोडवा कमी आणि धार जास्त. वाजवता वाजवता तो एकदम वाद्याच्या नेहमीच्या टप्प्यापलीकडे जातो आणि किंकाळी फुटते. खाली हिगिन्सच्या झांजेवरचा ठेका जराही ढळत नाही, म्हणून ती किंकाळी अंगावर येते.

त्यानंतर बड पॉवेलची बॅलड, म्हणजे संथ लयीची रचना, ‘आय'ल कीप लव्हिंग यू’. गुरूची चीज तो जपून, मायेने वाजवतो, आणि तीच किंकाळी तिथेही उमटते. या ठिकाणी जुने कुठे संपले आणि नवे कुठे सुरू झाले, हे लेखकाने दाखवून द्यावे. मला तरी तो सांधा सापडत नाही. याच अल्बममधली ‘रेने’ तर चक्क ब्लूज, म्हणजे जॅझचे जुने मूळ आहे.

पुढच्याच वर्षी ‘वन स्टेप बियाँड’ या अल्बममध्ये त्याने सतरा वर्षांच्या टोनी विल्यम्सला ड्रम्सवर बसवले. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

लेखकाने मॅक्लीनवर स्वतंत्र लेख लिहावा आणि तो पुरवणीत पूर्ण पान घेऊन छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली