डोळ्यांनी दाखव, तोंडाने सांग

प्रिय सुधीर,

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. एरवी चार पानं लिहिणारा तू. मनगटं किती दुखत असतील, ते तेवढ्यावरूनच कळलं. हे उत्तर मी कीबोर्डला हात न लावता, बोलून लिहितोय. गेलं वर्षभर माझं असंच चाललंय, म्हणून तुला हे सविस्तर सांगावंसं वाटलं.

सुरुवातीला मी कॉम्प्युटरचं सगळं काम डोळ्यांवर टाकलं, तिथेच फसलो. नजर टिपणारं एक यंत्र मिळतं; पडद्याखाली लावलेली त्याची पट्टी डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकते. बुबुळावर त्याचा बारीक ठिपका चमकतो. तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांवरून नजर कुठे आहे ते काढलं जातं. नजर थोडा वेळ एका जागी थांबली की क्लिक, अशी मी सोय केली होती. एक मेल वाचताना नजर 'डिलीट'पाशी रेंगाळली आणि मेल गेला! मिडास राजा हात लावेल त्याचं सोनं व्हायचं ना, तसंच हे. अभ्यासकही या अडचणीला मिडासचंच नाव देतात. डोळ्यांना बघूही द्यायचं आणि बटणंही दाबायला लावायची, हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे.

शिवाय नेम अगदी अचूक लागत नाही. चांगल्या यंत्रातही साधारण ०.५ ते १ अंशाची चूक राहते. ६० सेंटिमीटरवरून १ अंश म्हणजे पडद्यावर जवळजवळ १ सेंटिमीटर, आणि खिडकी बंद करायची फुली त्याहून लहान!

मग 'टॅलन' हे आवाजाने आणि नजरेने कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर मिळालं आणि कामाची वाटणी झाली. कुठे ते डोळ्यांनी दाखवायचं, काय करायचं ते तोंडाने सांगायचं. ओठ मिटून 'पॉप' केलं की नजरेखालचा भाग मोठा होतो, त्यात हवं ते बटण बघून पुन्हा 'पॉप' केलं की क्लिक. ए, बी, सी, डी या इंग्रजी अक्षरांना 'एअर, बॅट, कॅप, ड्रम' अशी छोटी नावं आहेत, कारण 'बी' आणि 'डी' यंत्राला सारखेच ऐकू येतात. पहिले दोन आठवडे जीव मेटाकुटीला येतो, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर 'कॅप' म्हणताना विचार करावा लागत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो, गळा जप. मनगटाचं दुखणं घशात नेऊन ठेवू नकोस. हळू आवाजात, सहज बोल. मायक्रोफोन तोंडाजवळ असला की ओरडावं लागत नाही. मधूनमधून पाणी पी, गप्प बस.

लगेच काही विकत घेऊ नकोस. बोलून कॉम्प्युटर चालवायची सोय त्यात आधीच असते: विंडोज ११ मध्ये 'व्हॉइस ॲक्सेस' आहे, मॅकवर २०१९पासून 'व्हॉइस कंट्रोल' आहे. दोन्हीत 'शो नंबर्स' म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणावर आकडा उमटतो. आकडा बोललास की झालं. नजरेचं यंत्र त्यानंतर बघू.

रविवारी सकाळी फोन करतो. कॉम्प्युटर सुरू करून बस, आपण मिळून 'शो नंबर्स'पासून सुरुवात करू. तोवर माउसला हात लावू नकोस रे.

तुझा,
अविनाश