ओढ्याकाठचे दगड खरवडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वर परिसरात कामांची लगबग सुरू आहे. घाट-रस्त्यांबद्दल आपण सविस्तर छापताच. मी वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली प्राध्यापिका आहे. मला ओढ्याकाठच्या दगडांबद्दल लिहायचे आहे.

त्र्यंबक तालुक्यातल्या एका देवराईत गेल्या उन्हाळ्यात ओढ्याच्या काठचे खडक तारेच्या ब्रशने घासून वर सिमेंट फासले. काठची दोन जुनी जांभळेही तोडली. कारण काय, तर पाय घसरतो! पाय घसरतो तो पाण्यातल्या बुळबुळीत शेवाळावरून. खडकाच्या उभ्या अंगावर वाढणाऱ्या मॉस आणि लिव्हरवर्ट या इवल्याशा, बिनफुलांच्या हिरव्या वनस्पतींवर कुणी पाय ठेवायला जात नाही.

या वनस्पतींना खरी मुळे नसतात, पाणी वर चढवणाऱ्या नलिका नसतात. मॉसचे पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे. पाणी अंगानेच प्यायचे आणि ऊन लागले की तितक्याच लवकर गमवायचे. नरपेशीसुद्धा पाण्याच्या थरातून पोहतच स्त्रीपेशीपर्यंत पोहोचते. त्यामुळे जुन्या झाडांची गर्द सावली गेली की खडक तापतो आणि ही हिरवाई आटत जाते. शेजारी नवी रोपे लावून ती सावली लगेच थोडीच मिळते?

आपल्याकडच्या खडकांवर प्लॅजिओकॅझ्मा नावाचे लिव्हरवर्ट आढळते. पावसाळ्यात ते हिरव्या चपट्या पट्ट्यांसारखे दगडाला चिकटून पसरते. उन्हाळा आला की पट्टीच्या दोन्ही कडा आत वळतात, खालचे जांभळट-काळे खवले वर येतात आणि दगडावर नुसती काळी रेघ उरते. पहिला पाऊस पडला की तीच रेघ उलगडून पुन्हा हिरवी होते. मी विद्यार्थ्यांना भिंग देऊन हे पाहायला लावत असे. मुले तिथून हलायला तयार नसत. मॉसच्या गादीत पाणी आणि माती धरून राहते, त्यात नेच्यांचे बीजाणू रुजतात, बारीक किडे राहतात. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते. तिला मिळणाऱ्या ओहोळांच्या काठची ही वस्ती आहे.

संबंधितांना माझी विनंती आहे, की घाटाच्या पायऱ्या खुशाल घासाव्यात, पण देवरायांमधल्या ओढ्यांचे काठ सिमेंट आणि ब्रशपासून दूर ठेवावेत, काठची जुनी झाडे तोडू नयेत. आणि कामाआधीची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी. मे महिन्यात पाहणाऱ्याला तिथे फक्त मळकट काळे दगड दिसतील.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, नाशिक