ग्रुपच्या आतला ग्रुप दाखवणाऱ्या मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

अ‍ॅक्सेसचं ऑडिट, म्हणजे आमच्या विंडोज नेटवर्कवर कुणाला कशाचे अधिकार आहेत याची तपासणी, आटोपलं, अहवाल गेला आणि तुम्ही लगेच दुसऱ्या कामाला लागलात. समोर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असतात. म्हणून हे जाहीर पत्र.

डोमेन अ‍ॅडमिन्सची यादी, म्हणजे अख्ख्या नेटवर्कवर पूर्ण ताबा असलेल्या ग्रुपची, आम्ही तयारच ठेवली होती. मोजकी नावं, सगळं आलबेल. तुम्ही ती बघून एवढंच विचारलंत, "यात माणसं किती आणि ग्रुप किती?" मग गेट-एडीग्रुपमेंबर ही ग्रुपचे सदस्य दाखवणारी कमांड रिकर्सिव्ह, म्हणजे आतल्या ग्रुपांतही शिरून बघेल अशी, लावून पुन्हा चालवलीत. ग्रुपमध्ये ग्रुप, त्यात आणखी एक, आणि तळाशी अख्खं हेल्पडेस्क! कधीच गुंडाळलेल्या एका प्रोजेक्टसाठी दिलेले अधिकार तसेच राहिले होते. एका खात्याचं मेंबरऑफ, म्हणजे ते कुठल्या ग्रुपांत आहे याची नोंद, तर अगदी साळसूद दिसत होतं. खात्याचा मुख्य, म्हणजे प्रायमरी ग्रुप तिथे दिसतच नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही सरळ प्रायमरी ग्रुप आयडी काढलात, तर ५१२. म्हणजे डोमेन अ‍ॅडमिन्सच.

बॅकअप ऑपरेटर्स या ग्रुपकडे आमच्यापैकी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. बॅकअपच्या अधिकाराने फोल्डरवरच्या परवानग्या ओलांडून फाइल वाचता येते, हे तुम्ही टेस्ट मशीनवर करूनच दाखवलंत. प्रत्येक मशीनचा लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपही, म्हणजे त्या मशीनपुरते पूर्ण अधिकार देणारा, वेगळा तपासायला लावलात. तेव्हा कंटाळा आला होता, आता नाही म्हणत नाही.

पण खरे आभार मानायचेत ते तुमच्या सबुरीचे. नको असलेली नावं सापडल्यावर आमचे हात शिवशिवत होते. तुम्ही आधी फोल्डर ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांना विचारायला लावलंत, आणि त्यातलं एक 'अनोळखी' खातं रात्रीच्या बॅकअपचं निघालं. उडवलं असतं तर सकाळी काय झालं असतं, विचारूच नका.

पगाराचा फोल्डर ज्या ग्रुपला उघडता येतो त्यातून एकाला काढलं, तरी दुपारी त्याला तो उघडता येत होता. आमची पळापळ. तुम्ही शांतपणे त्याच्या मशीनवर हूअ‍ॅमआय स्लॅश ग्रुप्स टाइप केलंत आणि तोच ग्रुप तिथे अजून हजर असल्याचं दाखवलंत. टोकन, म्हणजे माणूस कुठल्या ग्रुपांत आहे हे मशीनला सांगणारा पास, लॉगिन करताना बनतं. लॉगआउट करून परत आल्याशिवाय जुनंच चालतं. एरवी आम्ही परवानग्या चाळत संध्याकाळ केली असती.

तुम्ही सांगितलेले ४७२८, ४७३२ आणि ४७५६ या क्रमांकांचे इव्हेंट, म्हणजे ग्रुपमध्ये भर पडल्याच्या विंडोजच्या नोंदी, आता अलर्टवर आहेत. सिक्युरिटी ग्रुपमध्ये कुणी नवीन घातला की मेल येतो, आणि मेल आला की ज्याने घातला त्याला कारण विचारलं जातं. थोडी कुरकुर होते, होऊ दे.

पुढच्या तिमाहीचा आढावा आमचा आम्हीच घेणार आहोत. माणसांऐवजी प्रोग्रॅम वापरतात त्या सर्व्हिस अकाउंट्सपाशी अडणार हे नक्की. तेव्हा फोन केला तर तेवढा उचला.

आपला,
सिस्टिम अ‍ॅडमिन टीममधला एक