स्लिप क्लच जागचा हलला नाही आणि गिअरबॉक्सचा खर्च माझ्या माथी, वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
वॉरंटी विभाग / कस्टमर केअर

विषय: रोटरी कटरचा गिअरबॉक्स फुटला, वॉरंटी क्लेम नाकारला, पुन्हा तपासणी व्हावी

नमस्कार साहेब,

तुमचं उत्तर मिळालं, दोन ओळींचं. "गिअरबॉक्समध्ये ऑईल कमी असताना चालवल्यामुळे आणि चुकीच्या वापरामुळे नुकसान, वॉरंटीत बसत नाही." बघायला कोणी आलं नाही, आणि मी पाठवलेले फोटो कोणी उघडले तरी का याचीच शंका आहे, कारण फोटोत जे दिसतंय ते तुमच्या उत्तराच्या बरोब्बर उलटं आहे. म्हणून आता सविस्तर लिहितोय, कृपा करून शेवटपर्यंत वाचा.

आधी माझी चूक सांगून टाकतो म्हणजे तुम्हाला शोधत बसायला नको. गवत कमरेएवढं होतं, त्यात एक जुना बुंधा होता, तो मला दिसला नाही. रान आधी पायी फिरून बघायला हवं होतं, मी अर्धंच बघितलं. ट्रॅक्टरमागे जोडलेला कटर बुंध्यावर गेला, धाडकन आवाज आला, ट्रॅक्टर गचका खाऊन बंद पडला आणि परत चालू केल्यावर पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरच्या इंजिनचा जोर कटरला देणारा दांडा) फिरतोय पण ब्लेड जागेवरच, आतून नुसता कडकड आवाज. एवढं झालं.

पण साहेब, हे मशीन लॉनवर चालवायचं नाहीये ना, झाडोरा आणि झुडपं कापायलाच घेतात लोक हे. बुंधा, दगड कधीतरी लागणारच हे धरूनच ते बनवलेलं असतं. ब्लेड एका बोल्टवर मोकळे ठेवलेत ते आपटल्यावर मागे वळावेत म्हणून, खाली तो गोल तवा दिलाय तो बुंध्यावरून घसरून जायला, आणि एवढं करूनही झटका वर गेलाच तर शाफ्टवरचा स्लिप क्लच, म्हणजे स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबलेल्या प्लेटा, घसरणार आणि गिअरबॉक्स वाचणार. माझा कटर ५ फुटी, पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर असताना ब्लेड मिनिटाला साधारण १००० फेरे मारतात, म्हणजे ब्लेडचं टोक सेकंदाला जवळजवळ ८० मीटर जातं. तवा, ब्लेड सगळं मिळून ते एक जड चाकच आहे आणि ते एका क्षणात थांबलं की मागून ट्रॅक्टरचा जोर आहेच, मग मधलं काहीतरी एक सुटायला पाहिजे. सुटायचं काम क्लचचं होतं. तो सुटला नाही, पिनियनचे (गिअरबॉक्सातल्या छोट्या गिअरचे) दात सुटले.

का सुटला नाही ते मला नंतर शाफ्ट काढल्यावर कळलं आणि माझी खरी तक्रार हीच आहे. क्लचच्या स्प्रिंगा इतक्या आवळलेल्या की एक वेटोळं दुसऱ्याला टेकलेलं, आणखी दबायला जागाच शिल्लक नाही. नट सोडले तरी प्लेटा हलेनात. शेवटी पातळ पट्टी घालून हातोडीने ठोकत एकेक सुटी केली तेव्हा फ्रिक्शन डिस्कला गंज चिकटलेला आणि डिस्कवर घसरल्याची एक रेघसुद्धा नाही, अगदी कोऱ्या. म्हणजे हा क्लच जन्मात एकदाही घसरलेला नाही. तो क्लच नव्हताच, एक लोखंडी गोळा होता जो शाफ्टबरोबर फिरत होता.

स्प्रिंगा आवळल्या कोणी? मी नाही. मशीन जोडून द्यायला तुमचा मेकॅनिक आला होता त्याने माझ्यासमोर पान्याने सगळे नट पार शेवटपर्यंत आवळले आणि वर मला सांगितलं की ढिला राहिला की डिस्क जळतात, एकदम टाईट पाहिजे. मी नवीन माणूस, कंपनीचा माणूस सांगतोय म्हणल्यावर मान डोलवली. ढिला राहिला की जळतो हे खरंच आहे, पण म्हणून पूर्ण आवळला तर मग तो लावायचाच कशाला!

आता तुमचं मॅन्युअल काढा. क्लचबद्दल त्यात एक चित्र आणि एक वाक्य आहे, "स्लिप क्लच योग्य प्रकारे ॲडजस्ट करून ठेवावा." योग्य म्हणजे किती? स्प्रिंगची लांबी किती ठेवायची तो आकडा कुठेच नाही. आणि मुख्य म्हणजे मशीन उभं राहिलं की प्लेटा गंजून एकमेकींना चिकटतात, त्यामुळे पहिल्यांदा वापरताना आणि नंतर दर वेळी बराच काळ उभं राहिल्यावर क्लच एकदा मुद्दाम घसरवून मोकळा करायचा असतो, हे तर नावालाही नाही. माझा कटर ४ महिने शेडमध्ये उभा होता, बाहेर काढल्यावर दुसऱ्याच तासाला हे झालं. आता मला सगळं पाठ झालंय, गिअरबॉक्स घालवून शिकलो. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, प्लेटांवर खडूने आडवी रेघ मारायची, सगळे नट सारखेच दोन-तीन फेरे सैल करायचे, किती केले ते लिहून ठेवायचं, मग जवळ कोणी नाही बघून इंजिन कमी आरपीएमला ठेवून पीटीओ २-३ सेकंद टाकून काढायचा, थोडा धूर निघतो निघू द्यायचा. परत सगळं बंद करून रेघ बघायची, प्रत्येक प्लेटेवरची रेघ सरकली असली तर क्लच मोकळा, एखादी नसली सरकली तर ती चिकटलेली. मोकळा झाला की थंड होऊ द्यायचा आणि नट मोजून तेवढेच परत आवळायचे. दहा मिनिटांचं काम आहे हो. एका स्टिकरवर मावेल एवढं आहे, आणि तुमच्या मशीनवर तेरा स्टिकर आहेत (मोजलेत), त्यातले चार नुसते कंपनीच्या नावाचे.

शिअर बोल्टवालं (झटका बसला की मुद्दाम तुटणारा नरम बोल्ट) मॉडेल स्वस्त होतं, मी मुद्दाम जास्त पैसे भरून क्लचवालं घेतलं. आता वाटतं बोल्टच बरा होता. बोल्ट तुटला की निदान कळतं त्याने काम केलं, तसाच नरम बोल्ट परत टाकला की झालं. जाम झालेला क्लच काहीच सांगत नाही, तो दिवसभर मस्त फिरतो, आणि मालक खुशीत की आपल्याकडे क्लच आहे.

आता ऑईलचं. ऑईल कमी पडून गेलेला गिअर कसा दिसतो हे कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. दातांवर ओरखडे, तापून निळसर काळा रंग, ऑईल जळल्याचा वास, बेअरिंग खडखडतं. माझ्या पिनियनचे तीन दात मुळातून तुटलेत, तुटलेली जागा ताजी करडी आणि दाणेदार, बाकीचे दात चकचकीत, निळा डाग औषधालाही नाही, दोन्ही बेअरिंग हाताने फिरवली तर गुळगुळीत फिरतात. हा झटक्याने तुटलेला गिअर आहे, सुकून मेलेला नाही. ऑईल ८०डब्ल्यू-९० टाकलंय, मॅन्युअलमध्ये आहे तेच, आणि कटर सपाट जागेवर टेकवून लेव्हल प्लगपर्यंत. त्या दिवशी सकाळीसुद्धा बघितलं होतं. खालच्या सीलमधून गळती नाही, शाफ्टला तार-दोरी गुंडाळली नाही ना हेही बघतो कारण ती सील कापते. उलट तुमच्याकडून आलेल्या गिअरबॉक्सचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं छोटं भोक) रंगाने बुजलेला होता, तो मी सुईने मोकळा केला, नाहीतर आत गरम हवा कोंडून सीलच बाहेर आली असती. त्याची तक्रार मी तेव्हा केली नाही, करायला पाहिजे होती.

"चुकीचा वापर" म्हणजे काय ते एकदा लिहून कळवा. पीटीओ मी कमी आरपीएमला टाकतो आणि मग हळूहळू वाढवतो, कटर जास्त उचलायचा असेल तर आधी पीटीओ बंद. शाफ्ट लांब पडत होता, कटर उचलताना ठोकून गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर दाब आला असता, म्हणून दोन्ही नळ्या सारख्या कापून घेतल्या, सगळ्यात आखूड असताना २५ मिमी जागा शिल्लक राहते आणि सगळ्यात लांब असताना एक तृतीयांशापेक्षा जास्त नळी आत. तेही तुमच्या मेकॅनिकने बघितलं नव्हतं. शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसला ग्रीस दर ८ तासांनी. यापेक्षा नीट कसं चालवायचं असतं?

तर माझं म्हणणं असं की गिअरबॉक्स आणि क्लचच्या डिस्क वॉरंटीत बदलून द्याव्यात, आणि नवीन क्लच जोडायला जो येईल त्याने स्प्रिंगची लांबी मोजून, रेघ मारून, घसरवून दाखवावा, माझ्यासमोर. स्प्रिंगच्या लांबीचा आकडा मला लेखी द्या. बुंधा माझा, त्यामुळे एक ब्लेड वाकलंय त्याचे पैसे मी मागत नाही, दोन्ही ब्लेड सारख्या वजनाचे जोडीने मीच बदलून घेतो.

उत्तर १५ दिवसांत लेखी पाहिजे, फोनवर नको. फोनवर मला आतापर्यंत तीन जणांनी तीन वेगवेगळी कारणं सांगितलीत, एकाने तर ट्रॅक्टरच जास्त एचपीचा आहे म्हणून सांगितलं, कटरच्या प्लेटवर लिहिलेल्या एचपीपेक्षा तो कमी आहे तरी.

तुमचा, अजून तरी, ग्राहक

ता.क. तुटलेले दात, पिनियन आणि काढलेलं ऑईल बाटलीत भरून ठेवलंय. क्लचच्या प्लेटा आहेत तशाच गंजासकट ठेवल्यात, पुसलेल्या नाहीत. स्प्रिंगा टेकलेल्या अवस्थेतला फोटो नट सोडायच्या आधीचा आहे, तो या पत्राबरोबर परत जोडतोय, या वेळी उघडा.